डावा तळहात

औशात फुटबॉल खेळणाऱ्याला लोक पहिल्यांदा विचारतात, "क्रिकेटात घेतलं न्हाई का?" त्यामुळे किल्ला फुटबॉल क्लबने हंगामाचे पहिले पाच सामने सलग जिंकले, तेव्हा गावाला आधी ते खरंच वाटेना. नांदेड आणि लातूर मिळून आठ क्लबांची लीग. त्यात गेल्या वर्षी चौदा सामन्यांत दोन विजय, असा किल्ल्याचा पराक्रम. आणि यंदा पाचांत पाच! वर एकही गोल खाल्लेला नाही. स्टँडवरच्या हॉटेलात चहा पिणारे लोक आता अंगठा नि करंगळी यांतला फरक कळावा तशा खात्रीने ऑफसाइडवर बोलू लागले. ज्यांनी जन्मात मैदान पाहिलं नव्हतं ते शंकरप्पाच्या दुकानात येऊन पंपाचा वॉशर मागता मागता विचारत, "आप्पा, यंदा काय जादू केली?"

शंकरप्पा वॉशर कागदात बांधून द्यायचे आणि म्हणायचे, "पोरं मेहनत करून राहिलेत." मोटारपंपाचं दुकान चालवणारा हा अठ्ठावन्न वर्षांचा माणूस क्लबचा कोच, सेक्रेटरी आणि गाडीचा ड्रायव्हरही होता. उत्तर खोटं नव्हतं. पोरं मेहनत करतच होती. पण ती गेल्या वर्षीही करत होती, आणि तेव्हा त्यांनी पोत्यानं गोल खाल्ले होते. बोलताना आप्पांचा हात शर्टाच्या आतल्या खिशाकडे जाई आणि तिथली चांदीची छोटी डबी चाचपून परत येई. ती डबी त्यांची नव्हती. त्यांचं स्वतःचं इष्टलिंग त्यांच्या गळ्यातल्या डबीत होतं.

ती डबी अमरनाथची होती, आणि अमरनाथ मार्च महिन्यात वारला होता.

हे नीट सांगायला हवं. लिंगायताच्या घरी इष्टलिंग अंगावरून उतरत नाही. रोज सकाळी ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची आणि पुन्हा गळ्यात घालायचं. माणूस गेला की त्याला बसवून पुरतात आणि तेच लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात. पण अमरनाथ होता गोलकीपर. गळ्यात काही घालून उतरू द्यायला रेफरी तयार नव्हते, आणि छातीवर पडलं की डबीची कड बरगडीत रुतायची ती वेगळीच. पहिल्या वर्षी तर तो म्हणाला होता, आप्पा, मी खेळतच नाही. मग त्याची आई शरणम्मा आणि शंकरप्पा यांनी मिळून तोड काढली. लिंग खाली ठेवायचं नाही, पिशवीत टाकायचं नाही. सामना संपेपर्यंत ते आप्पांच्या छातीशी, आतल्या खिशात राहील. शेवटची शिट्टी झाली की अमरनाथ पाण्याच्या बाटलीकडेसुद्धा बघायचा नाही. हातमोजे काखेत मारून सरळ आप्पांसमोर यायचा आणि डावा तळहात पुढे करायचा. नऊ वर्षं. हरले तरी, जिंकले तरी. पोरं चिडवायची, "आमऱ्या, आप्पा घेऊन पळून न्हाई जात." तो हसायचा, पण हात मागे घ्यायचा नाही.

मार्चमध्ये हंगामाचा शेवटचा सामना अर्धापूरला होता. केळीच्या बागांना लागून मैदान, लोखंडी गोलपोस्ट. बरोबरी झाली तरी किल्ला लीगमध्ये राहणार होता, हरला तर बाहेर पडणार होता. उत्तरार्धात अमरनाथ एका चेंडूवर झेपावला, चेंडू बाहेर गेला आणि त्याचं डोकं पोस्टवर आदळलं. आवाज आप्पांना लाइनीवर ऐकू आला. तो उठला. आप्पांनी ओरडून विचारलं, "हायेस का?" त्यानं हात वर केला. दुसरा गोलकीपर लग्नाला गेला होता. आप्पांनी त्याला ठेवला.

शून्य-शून्य. शिट्टी झाली आणि पोरं एकमेकांच्या अंगावर पडली. अमरनाथ त्यांच्यातून चालत सरळ गाडीकडे गेला आणि खिडकीशी बसला. त्यानं पाणी मागितलं नाही. आप्पांसमोर आला नाही. हात पुढे केला नाही. आप्पांना ते दिसलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा. ते मनात म्हणाले, दमला असंल, गाडीत देऊ. लोह्यापर्यंत तो झोपला होता असं सगळ्यांना वाटलं. अहमदपूरला चहाला थांबले तेव्हा त्याला उठवायला गेले, तर तो उठला नाही.

डोक्यात आतल्या आत रक्त साचलं होतं, डॉक्टर म्हणाले. शरणम्माला आप्पांनी सांगितलं, "आक्का, काहीच कळलं न्हाई हो. हसत खेळत बसला होता. बसल्या बसल्या गेला."

पुरताना जंगमांनी, म्हणजे लिंगायतांच्या पुरोहितांनी, विचारलं, "लिंग कुठाय?" आप्पा दोन हात अंतरावर उभे होते आणि डबी त्यांच्या खिशात होती. बाहेर काढली असती तर कुणीतरी विचारलंच असतं, सामना झाल्यावर त्यानं मागितलं न्हाई का आप्पा? आणि मागितलं नाही तर तुम्हाला काही वाटलं न्हाई का? आप्पांनी डबी बाहेर काढली नाही. जंगमांनी जवळचं दुसरं लिंग त्या तळहातावर ठेवलं आणि माती पडली. त्या दिवसापासून ती डबी आप्पांना ना फेकता येत होती ना देता.

यंदाचा पहिला सामना जळकोटला झाला. गोलात नवा पोरगा, बालाजी. चोवीस वर्षांचा, शेतकरी मराठ्याच्या घरचा, लांब हातांचा आणि फार कमी बोलणारा. गोलकीपरनं ओरडायला हवं, बचावातल्या पोरांना सांगायला हवं, तर हा तोंड उघडायला तयार नाही. आप्पांनी कपाळाला हात लावला होता. सत्तराव्या मिनिटाला जळकोटचा एक उंच चेंडू आत आला. बचावात उभा असलेला कप्तान आदिनाथ डोकं लावायला निघाला आणि मागून आवाज आला.

"राहू दे!"

आदिनाथ जागच्या जागी थांबला. चेंडू त्याच्या कानावरून गेला, पोस्टला घासला आणि बाहेर पडला. त्यानं डोकं लावलं असतं तर तो आपल्याच गोलात गेला असता, हे पाहणाऱ्या कुणालाही सांगता आलं असतं. सामना संपल्यावर तो बालाजीच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "बरं ओरडलास गड्या."

"मी न्हाई ओरडलो," बालाजी म्हणाला.

आदिनाथनं आप्पांकडे पाहिलं. दोघांनीही तो आवाज ओळखला होता. किंचित बसलेला, दोन्ही शब्द एकात मिसळणारा. नऊ वर्षं त्यांनी तो दर रविवारी ऐकला होता. आदिनाथ वाकून बुटाची नाडी सोडू लागला.

पुढच्या सामन्यात तो आवाज दोनदा आला, तिसऱ्यात चारदा. आता बचावातली पोरं त्याची वाट पाहू लागली. आवाज आला की सोडायचं, नाही आला की मारायचं. त्यात कधी चूक झाली नाही. कोणी त्यावर बोलत नव्हतं. नाव काढलं तर संपेल, अशी भीती असावी. सामना झाला की पोरं नाचत गाडीकडे जायची आणि आप्पा मागे राहायचे. मैदान रिकामं झालं की ते गोलपोस्टपाशी जायचे, डबी काढायचे आणि तळहातावर धरून उभे राहायचे. "घे रे बाबा," ते म्हणायचे. "संपला सामना." वारा असायचा, जाळीचा दोर हलायचा. कुणीही हात पुढे करत नव्हतं. मारणाऱ्या भुताला माणूस घाबरतो. हे भूत तर गोल वाचवत होतं, आणि आप्पांना त्याचीच जास्त धास्ती वाटू लागली.

चौथा सामना घरचा होता. त्या दिवशी त्यांनी मनाचा हिय्या केला आणि डबी दुकानाच्या गल्ल्यात ठेवून मैदानावर गेले. पूर्वार्धात एकदाही आवाज आला नाही. दोन चेंडू पोस्टला लागून परत आले, एक बालाजीनं कसाबसा बोटांनी ढकलला. पोरं बावचळली होती, एकमेकांच्या पायात येत होती. किल्ल्याच्या उतारावर औसा गाव पहिल्यांदाच फुटबॉल बघायला बसलं होतं. मध्यंतराला आप्पा निघाले, दुकान उघडलं, गल्ल्यातून डबी काढली आणि खिशात घालून परत आले. उत्तरार्धाच्या तिसऱ्या मिनिटाला आवाज आला. किल्ला दोन-शून्य जिंकला.

त्या दिवसापर्यंत आप्पा स्वतःला सांगू शकत होते की आपण काही करत नाही, आपोआप होतंय. त्यानंतर तेही उरलं नाही. त्यांना त्या रात्री स्वतःची किळस आली, आणि तरी पुढच्या सामन्याला डबी खिशात होतीच.

पाचव्या विजयानंतर शरणम्मा त्यांना भाजीच्या बाजारात भेटली. पूर्वी घरच्या सामन्याला ती कडेच्या दगडावर येऊन बसायची, यंदा एकदाही आली नव्हती. वांगी निवडता निवडताच तिनं विचारलं, "जिंकून राहिलेत म्हणे."

"हाव आक्का."

"गोलात कोन उभं ऱ्हातंय?"

"बालाजी म्हणून हाय एक. चांगला हाय."

"त्याला बघ नीट." तिनं एक किडकं वांगं बाजूला टाकलं. "अमरनाथ सपनात येतो रे शंकरप्पा. बूट तसेच पायात. म्हन्लं, काढ की बूट, जेव. तर म्हनतो, अव्वा, अजून शिट्टी न्हाई झाली. आप्पानं बाहेर बोलावलं न्हाई."

आप्पांच्या छातीवर दोन डब्या होत्या, एक गळ्यातली, एक खिशातली. त्या क्षणी दुसरी काढून तिच्या पिशवीत टाकायला हवी होती. पण पुढचा सामना अर्धापूरला होता. तेवढा एक होऊ दे, ते मनाशी म्हणाले. जिथं झालं तिथंच त्याला देऊन टाकू. माणूस स्वतःला फसवतो तेव्हा कारणं कशी शहाण्यासारखी देतो! त्यांनी अर्धा किलो मिरच्या घेतल्या आणि घरी गेले.

अर्धापूरला तेच मैदान, तेच लोखंडी पोस्ट, फक्त नवा पांढरा रंग दिलेला. पंधराव्या मिनिटाला किल्ल्यानं गोल केला. मग आवाज येत राहिला आणि चेंडू बाहेर जात राहिले. उत्तरार्धात, साधारण त्याच सुमाराला, उजवीकडून एक चेंडू तरंगत आला. तो बालाजीचा होता, सरळ सरळ त्याचा. तो दोन्ही हात वर करून पुढे निघाला.

"राहू दे!"

आदिनाथ थांबला. पण बालाजीही थांबला. पाच सामने तोही तो आवाज ऐकत होता. हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. तो क्षणभर हवेतच अडखळला, समोरच्या खेळाडूचा गुडघा त्याच्या बरगडीत बसला आणि त्याचं डोकं मागे पोस्टवर आदळलं. चेंडू बाहेर गेला.

तोच आवाज. लोखंडाचा.

बालाजी उठला. आप्पांनी तोंड उघडायच्या आत त्यानं हात वर केला.

दुसरा गोलकीपर नव्हता. यंदा तरी एक ठेवायचा असं उन्हाळ्यात ठरलं होतं, पण गोलच होत नाहीत तर कशाला, म्हणून राहून गेलं. आदिनाथ पळत लाइनीपाशी आला. "आप्पा, बरा हाय म्हनतोय तो. पंचवीस मिन्टं ऱ्हायलीत. नुस्तं उभं ऱ्हाऊ द्या त्याला. बाकीचं..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही. बाकीचं कोण बघणार होतं, ते दोघांनाही ठाऊक होतं.

आप्पांना एकदम लख्ख दिसलं. मार्चमध्ये त्यांनी एका पोराला गोलात ठेवला, कारण दुसरा नव्हता. मेल्यावरही त्यालाच ठेवला, कारण जिंकत होते. आणि आता तिसऱ्यांदा आदिनाथ त्यांना तेच करायला सांगत होता, तेही आर्जवानं. ते रेफरीची परवानगी न घेता आत शिरले. रेफरीनं शिट्टी फुंकली, लोक ओरडू लागले. मैदानाच्या मध्यावर पोचल्यावर त्यांनी बेंबीच्या देठापासून हाक मारली.

"अमरनाथ! बाहेर ये!"

नाव चुकलं. सगळ्या पोरांनी ऐकलं. आदिनाथनं तोंडावर हात ठेवला. बालाजीनं मान वळवली, हातमोजे काढले, काखेत मारले आणि संथपणे चालत आला. हातमोजे असे काखेत मारताना त्याला कुणी कधी पाहिलं नव्हतं. आप्पांसमोर येऊन तो उभा राहिला. डोळे उघडे होते, पण ते आप्पांना बघत नव्हते. त्यानं डावा तळहात पुढे केला.

आप्पांनी खिशातून डबी काढली. त्यांनी ती त्या तळहातावर ठेवली. बोटं एकेक करून मिटली. मग बालाजीला उलटी झाली आणि तो आप्पांच्या अंगावर कोसळला.

गाडी नांदेडला कशी आणली ते आप्पांना पुढे कधीच नीट आठवलं नाही. दवाखान्यात बालाजीच्या डोक्याचा फोटो काढला आणि त्याला लगोलग आत नेलं. तरुण डॉक्टर बाहेर येऊन म्हणाला, "वेळेवर आणलंत. तास-दीड तास आणखी गेला असता तर अवघड होतं." आप्पा भिंतीला टेकले आणि सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडले. थोड्या वेळानं नर्सनं बालाजीचं घड्याळ, पाकीट आणि ती डबी आणून त्यांच्या हातावर ठेवली. मूठ उघडायला फार त्रास झाला म्हणाली. संध्याकाळी आदिनाथ आला. गोलात तोच उभा राहिला होता. चार-एकनं हरलो, असं त्यानं सांगितलं. मग खाली बघत म्हणाला, "आप्पा, तुम्ही त्याला आणल्यावर एकदापन आवाज आला न्हाई."

बालाजी शुद्धीवर आला आणि त्याच्या आईनं त्याला दोन घोट पाणी पाजलं, हे डोळ्यांनी बघूनच आप्पा दुसऱ्या दिवशी औशाला निघाले. ते घरी गेले नाहीत. दुपारी शरणम्माच्या दारात उभे राहिले, तेव्हा अंगावर आदल्या दिवशीचेच कपडे होते आणि गळ्यात सरावाची शिट्टी तशीच लोंबत होती. शरणम्मा ज्वारी पाखडत होती. त्यांनी डबी काढली आणि तिच्यासमोर उंबऱ्यावर बसले.

तिनं डबीकडे पाहिलं. सूप बाजूला ठेवलं. "आणलीस," ती म्हणाली.

"आक्का, तुम्हाला..."

"मालूम होतं. शेवटची आंघोळ मीच घातली त्याला. गळ्यात न्हवतं. मग कुठं आसंल? तुझ्या खिशातच आसंल." ती शांतपणे बोलत होती. "नऊ म्हैने वाट बघून ऱ्हायले. म्हन्लं, येईल आपल्या पायानं."

"मागितलं कामून न्हाई?"

"मी मागितलं आस्तं तर तू नुस्तं हेच दिलं आस्तंस."

शरणम्मानं पदरानं हात पुसले. "एकच सांग शंकरप्पा. त्या दिशी शिट्टी झाल्यावर त्यानं हात पुढं केला न्हाई. तव्हा तुला कळलं न्हवतं का?"

गल्लीतून कुणाची तरी सायकल गेली. आप्पांनी नऊ महिने जे उत्तर घोटून ठेवलं होतं ते तोंडाशी आलं, आणि त्यांनी ते गिळलं.

"कळलं होतं, आक्का," ते म्हणाले. "काहीतरी बिनसलंय, एवढं कळलं होतं. डोकं आपटलं तव्हाच काढायला पाहिजे होतं. दुसरा गोलकीपर न्हवता म्हणून काढलं न्हाई. तुम्हाला खोटं सांगितलं मी."

शरणम्मा रडली नाही, ओरडली नाही. मग तिनं डावा तळहात पुढे केला. आप्पांनी डबी तिच्या हातावर ठेवली. ती उठली, पायात चपला सरकवल्या आणि म्हणाली, "चल."

लिंगायतांची स्मशानभूमी गावाबाहेर ओढ्यापलीकडे आहे. अमरनाथच्या समाधीवर बेलाचं रोप लावलेलं होतं, ते गुडघ्याएवढं झालं होतं. शरणम्मानं रोपाच्या कडेला हातानंच माती उकरली. आप्पा मदतीला वाकले, तिनं त्यांना नको म्हटलं नाही. कोपरभर खोल झाल्यावर तिनं डबी उघडून लिंग कपाळाला लावलं, पुन्हा डबीत ठेवलं आणि खाली सोडलं.

"तुझं आन् माझं न्हाई संपलं," ती वर न बघता म्हणाली. "ते मी मरेस्तोर संपायचं न्हाई. पन त्याचं संपू दे." मग तिची नजर त्यांच्या गळ्याकडे गेली. "शिट्टी हाय का ती?"

आप्पांनी मान हलवली.

"वाजव मग. सामना संपल्यावर वाजवतेत तशी."

आप्पांनी शिट्टी ओठांत धरली. पहिल्यांदा नुसती हवाच गेली, आवाज निघेना. त्यांनी डोळे पुसले, छाती भरून घेतली आणि तीनदा फुंकली, शेवटची लांब. ओढ्यापलीकडच्या रानात काम करणारी दोन माणसं उभी राहून बघू लागली. शरणम्मानं आवाज पुरता विरेपर्यंत वाट पाहिली, आणि मग दोन्ही हातांनी माती लोटली.